मुनिरक्यातलं रविवारचं बोर्ड

विद्यापीठातल्या पहिल्या वर्षी मी वर्गात एकूण दोनदा बोललो. पहिल्यांदा बोललो तेव्हा वर्ग हसला. दुसऱ्यांदा बोललो ते चोरीचं होतं. मधल्या काळात मी गप्प बसून सगळ्यांना तुच्छ लेखलं, आणि ते काम मात्र मन लावून केलं.

मी परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावातून इतिहासात एम.ए. करायला दिल्लीत आलो. प्रवेश परीक्षा लेखी होती म्हणून आलो, तोंडी असती तर आजही गावातच असतो. लोक मला लाजाळू म्हणायचे. मला तो शब्द कधीच पटला नाही, फार गोड आहे तो. माझं साधं होतं. चार अनोळखी माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझी दातखीळ बसायची आणि तळहातांना घाम फुटायचा. वडील शाळेत शिक्षक. निघताना त्यांनी एकच अट घातली होती, की पहिल्या वर्षी सगळे पेपर सुटले पाहिजेत. एक जरी राहिला तर सामान बांधून परत यायचं आणि बी.एड. करायचं. माझे वडील बोललेलं करतात, त्यामुळे ही धमकी नव्हती, माहिती होती.

सेमिनारला आम्ही अठरा जण एका लांब टेबलाभोवती बसायचो. त्यातले निम्मे दिल्लीतल्याच महागड्या शाळांतून आलेले, आणि गरीब दिसण्यासाठी त्यांनी बरीच मेहनत घेतलेली. एक मुलगी आपला विटका कुर्ता सरोजिनी नगरच्या स्वस्त कपड्यांच्या ढिगाऱ्यातून कसा उपसून काढला हे रोज नव्यानं सांगायची. तिला न्यायला येणारी गाडी गेटपासून जरा लांब उभी असायची. एका कुरळ्या केसांच्या मुलाचं प्रत्येक वाक्य ‘मला यात थोडी गुंतागुंत आणायची आहे’ असं सुरू व्हायचं, आणि तो ती आणायचाही. नेमून दिलेली प्रकरणं यांतल्या कोणी वाचलेली नसायची. मी दोनदा वाचायचो, समासात पेन्सिलीनं टिपणं काढायचो, आणि वर्गात तोंड उघडायचो नाही. वाक्य आधी मराठीत जुळवायचं, मग इंग्रजीत, मग उच्चार मनात घोळवून बघायचे. तोवर चर्चा पुढच्या शतकात गेलेली असायची. सुरुवातीला त्यांना वाटलं मी मठ्ठ आहे. दिवाळीनंतर काहींना वाटायला लागलं की मी फार खोल आहे. दोन्ही चूक होतं, मी फक्त घाबरलेलो होतो.

मला त्यांचा हेवा वाटायचा. ते कबूल करण्याइतकं मन मोठं नव्हतं, म्हणून मी नाकं मुरडायला लागलो. चहाच्या टपरीवर ते क्रांतीबद्दल बोलत असले की मी दोन हात अंतरावर उभा राहून त्यांच्या चुका मोजायचो. हा माझा त्या वर्षीचा एकमेव छंद.

शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मला मॅडम म्हणायचं नाही, नावानं हाक मारायची. बाकीच्यांनी पंधरा मिनिटांत ते सुरू केलं. पन्नाशीच्या बाईला, तेही शिकवणाऱ्या, मी नावानं हाक मारणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे असल्या पोराच्या कानाखाली वाजवतात. आणि मॅडम म्हणायला बंदी. मग मी त्यांना वर्षभर काहीच म्हणालो नाही. काम असलं की त्यांच्या उघड्या दारात उभा राहायचो आणि त्यांनी मान वर करायची वाट बघायचो. नाहीच केली तर निघून यायचो. ग्रंथालयाचा एक साधा अर्ज माझ्या पिशवीत अशा रीतीनं दीड महिना फिरला.

पहिलं सत्र लेखी कामावर निभावलं. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला मॅडमनी जाहीर केलं की प्रत्येकानं एक विषय वर्गापुढे मांडायचा आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. जो मांडणार नाही तो या पेपरात नापास. विषय वाटताना माझ्यापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, महाराष्ट्रातला ना तू, आणि पानिपत देऊन टाकलं. आमच्या घरात जेवताना तीच चर्चा चालते अशी त्यांची समजूत असावी. विटक्या कुर्त्यावालीनं माझ्याकडे सहानुभूतीनं बघितलं. तिला बहुतेक वाटलं की माझा एखादा काका तिथं गेला.

आता मी राहायचो त्या जागेबद्दल सांगतो. वसतिगृहात खोली मिळाली नव्हती म्हणून विद्यापीठाजवळच मुनिरक्यात चौथ्या मजल्यावर एका घरात पथारी टाकली होती. समोरच्या इमारतीतल्या माणसानं दाढी केली की आमच्या खिडकीत साबणाचा वास यायचा. घरात आणखी चौघं मराठी, चौघंही नागरी सेवा परीक्षेवाले. सकाळी चौघं एकाच वर्तमानपत्राची चार पानं वाटून घेऊन पिवळ्या, हिरव्या पेनानं रंगवायचे. सगळंच महत्त्वाचं वाटत असल्यामुळे संध्याकाळपर्यंत पेपरात पांढरा भाग शिल्लक नसायचा. दोघं नांदेडकडचे, एक साताऱ्याचा. चौथे सगळ्यांत मोठे, बत्तीस वर्षांचे, बीड जिल्ह्यातले, दिल्लीत आठ वर्षं काढलेले. त्यांना सगळे अध्यक्ष म्हणायचे, कारण रविवारी ते बोर्डाच्या अध्यक्षपदी बसत.

बोर्ड म्हणजे खोटी मुलाखत. परीक्षेचा शेवटचा टप्पा मुलाखतीचा असतो. तिथवर पोहोचलोच तर तयारी हवी म्हणून हे लोक दर रविवारी पोहे खाऊन एकमेकांच्या मुलाखती घेत. तिघं पलंगावर ओळीनं बसायचे, मधे अध्यक्ष. समोर प्लास्टिकचं स्टूल. उमेदवारानं बाहेर जिन्यात जाऊन उभं राहायचं, दार वाजवायचं, आत यायची परवानगी मागायची, बसायची परवानगी मागायची. घरात एकच टाय होता, तो ज्याची पाळी त्याच्या गळ्यात. खाली लुंगी असली तरी चालायची, टाय मात्र लागायचा.

मी आलो त्याच आठवड्यात अध्यक्षांनी सांगितलं की या घरात राहायचं तर रविवारी बोर्डापुढे बसायचं. मी म्हणालो, मी परीक्षा देत नाहीये. ते म्हणाले, “वर्गात बोलता येत नाही ना तुला? मग बस. बोलायला शिकवतो.” मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

त्यांची उत्तरं द्यायची एक पद्धत होती. पाठ ताठ, हात मांडीवर. प्रश्न आला की आधी थोडं हसायचं. मग एक बाजू सांगायची, मग दुसरी बाजू, मग मधला मार्ग. आणि शेवटी वे फॉरवर्ड, म्हणजे यापुढे काय करावं याची चार आशादायक वाक्यं. उत्तर कशावरही असो, आशेवर संपलं पाहिजे असं अध्यक्ष बजावायचे. हे त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं की एकदा मी सातारकराला विचारलं, आज तूर की मसूर, तर तो म्हणाला दोन्हींचं आपापलं स्थान आहे. आठ आठ वर्षं आशेवर संपणारी उत्तरं द्यायची आणि निकाल लागला की तीन दिवस तोंड झाकून झोपायचं, मग उठून पुन्हा पेपर रंगवायचा. मला त्यांची किळस यायची. स्टुलावर बसून मी हसरा चेहरा करून बोलायचो आणि मनात म्हणायचो, यांच्यासारखं व्हायचं नाही, वाट्टेल ते झालं तरी व्हायचं नाही.

पण एक झालं. डिसेंबरपर्यंत मी चार माणसांसमोर न अडखळता तीन मिनिटं बोलायला लागलो. याचं श्रेय मी त्यांना दिलं नाही. मी ते स्वतःकडेच ठेवलं.

फेब्रुवारीच्या शेवटी माझी पाळी आली. मी सेमिनारच्या खोलीत शिरलो, खुर्चीपाशी थांबलो आणि मॅडमना विचारलं की बसू का. अठरा जणांच्या वर्गात, जिथं लोक खिडकीत पाय वर घेऊन बसतात, तिथं मी परवानगी मागितली. मग पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून, पानिपतच्या पराभवाची कारणं मांडली. राजकीय, लष्करी, भौगोलिक, सामाजिक. त्यावर दोन इतिहासकारांची मतंही दिली. आवाज कापला नाही. घामही आला नाही. मला वाटलं, जमतंय की. आणि त्याच भरात मी म्हणालो, आता वे फॉरवर्ड. सर्व सरदारांमध्ये समन्वय वाढवायला हवा, रसदपुरवठा मजबूत करायला हवा, स्थानिक घटकांना विश्वासात घ्यायला हवं.

कुरळ्या केसांच्या मुलानं हात वर केला आणि फार नम्रपणे विचारलं की हे सगळं १७६१ सालच्या लोकांना कोण कळवणार आहे.

वर्ग हसला. विटक्या कुर्त्यावालीच्या हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मॅडम हसल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्यांनी विचारलं की दोन इतिहासकारांची दोन मतं तू सांगितलीस, तुला स्वतःला काय वाटतं. मी शिकवल्याप्रमाणे आधी थोडं हसलो आणि म्हणालो की दोन्ही मतांमध्ये तथ्य आहे. त्या म्हणाल्या, “यात तू कुठेच नाहीस. एप्रिलमध्ये पुन्हा मांड. तेव्हाही तुझं स्वतःचं काही नसेल तर मला तुला पास करता येणार नाही.”

घरी आल्यावर काय झालं ते तुटक शब्दांत सांगितलं. तिघांनी लगेच ‘पानिपत झालं’ हा विनोद केला. मराठी माणसाला तो आवरत नाही. अध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, चूक माझी आहे, तिथलं बोर्ड वेगळं असतं हे मी सांगायला हवं होतं. मी मनात म्हणालो, बरोबर आहे, तुमचीच चूक. पुढचे दोन आठवडे मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. ते माझ्या वाटणीचे पोहे झाकून ठेवत आणि मी ते गार झाल्यावर, त्यांची पाठ वळली की खात असे.

त्या वर्षी अध्यक्षांना खरोखरच मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा, आणि तो त्यांचा शेवटचा अटेम्प्ट होता. मुलाखतीला आठ दिवस राहिले तेव्हा एका रविवारी त्यांनी मला सांगितलं की आज तू मधे बसायचं, अध्यक्ष म्हणून. मी म्हणालो, मी कशाला, मला त्यातलं काय कळतं.

“हे तिघं माझ्यावर दया करतात,” ते म्हणाले. “सोपं विचारतात, मधेच मान हलवतात. तू आमच्याकडे ज्या नजरेनं बघतोस ना, तसंच खरं बोर्ड बघत असेल. त्याच नजरेनं बघ आणि विचार.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत असणार. मला शरम वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण जास्त वाटला तो हुरूप. वर्षभर जे आत दाबून ठेवलं होतं ते बोलायची परवानगी मिळाली होती, तीही त्याच माणसाकडून.

ते जिन्यात गेले. दार वाजलं. मी आत बोलावलं आणि बसायला सांगण्याआधी त्यांना मुद्दाम तसंच उभं ठेवलं. मग एकामागून एक विचारत गेलो. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता इतका मोकळा होता. त्यांनी अर्थव्यवस्थेवर, जिल्ह्यातल्या दुष्काळावर नेटकी, दोन्ही बाजूंची उत्तरं दिली. मी ती मधेच तोडली. मग मी म्हणालो, “आठ वर्षं. पाच वेळा नापास. कोणत्याही शहाण्या माणसाला कळलं असतं. परत का नाही गेलात?”

पलंगावरचे दोघं माझ्याकडे बघायला लागले. अध्यक्ष सवयीनं आधी थोडं हसले. मग ते हसू चेहऱ्यावर राहीना.

“पहिल्या वर्षी गेलो असतो, सर, तर लोक म्हणाले असते जमलं नाही,” ते म्हणाले. बोर्डात मला सर म्हणायचं होतं, ते विसरले नाहीत. “तिसऱ्या वर्षी म्हणाले असते वाया गेला. त्यानंतर परत जाण्यापेक्षा इथं बसून राहणं सोपं झालं. मी आता लढायला थांबलेलो नाही. परत जायची लाज वाटते म्हणून थांबलोय.”

खाली कोणाचीतरी पाण्याची मोटर चालू होती. मग ते उठले, टाय सैल केला आणि नेहमीच्या आवाजात मला विचारलं की कसं झालं. मी म्हणालो, खरं वाटलं.

“मग हे उत्तर बाद,” ते म्हणाले. “बिल्कुल नाही द्यायचं.” आणि त्यांनी ते वहीत लिहून त्यावर काट मारली.

एप्रिलमध्ये मी पुन्हा वर्गापुढे बसलो. यावेळी परवानगी मागितली नाही. सरळ म्हणालो की दारूगोळा, डावपेच, मित्रपक्ष यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, मला त्यात रस नाही. मला त्या छावणीत रस आहे. दोन अडीच महिने वेढ्यात बसलेली, सोबत बायकामुलं आणि यात्रेकरू असलेली उपाशी छावणी. आपण मानतो की ते लढाईची वाट बघत होते. मला वाटतं शेवटी शेवटी ते लढायला थांबलेच नव्हते. काहीही न मिळवता परत गेलो तर तोंड कसं दाखवायचं, म्हणून थांबले होते. जितके दिवस थांबले तितकं परत जाणं अवघड होत गेलं, आणि मग उपाशी बसणं सोपं वाटायला लागलं.

कोणी हसलं नाही. कुरळ्या केसांच्या मुलाला यात गुंतागुंत आणायची नव्हती. मॅडमनी विचारलं, “याला आधार काय?”

आधार मुनिरक्यात चौथ्या मजल्यावर पेपर रंगवत बसला होता. अध्यक्षांची मुलाखत होऊन गेली होती आणि निकाल यायचा होता, तरी हात थांबत नव्हता. मी म्हणालो, आधार असा नाही, माझं वाचन आहे. मॅडम म्हणाल्या, पुराव्याच्या दृष्टीनं कच्चं आहे, पण निदान हे तुझं आहे. मी मान हलवली. वर्ग सुटल्यावर विटक्या कुर्त्यावालीनं मला टपरीवर चहाला बोलावलं. मी गेलो, त्यांच्यात उभा राहिलो आणि दोन तीन वाक्यं बोललोही. वर्षभर ज्यांना नावं ठेवली त्यांच्या टोळक्यात शिरायला मला एवढंसं पुरलं.

पेपर सुटला. वडिलांना कळवलं. त्याच आठवड्यात अध्यक्षांचा निकाल लागला. यादीत त्यांचं नाव नव्हतं. यावेळी ते तोंड झाकून झोपले नाहीत. त्यांनी माझा निकाल विचारला, आणि पास झालोय म्हटल्यावर खाली जाऊन जिलेबी घेऊन आले. घरभर फिरून त्यांनीच सगळ्यांना सांगितलं की आपला पोरगा बोलायला लागला. मी ती जिलेबी खाल्ली. गरम होती, छान होती.

चार दिवसांनी ते निघाले. पुस्तकं तिघांत वाटली, टाय खुंटीवर ठेवला. मी त्यांची एक बॅग घेऊन निजामुद्दीन स्टेशनपर्यंत गेलो. रिक्षात त्यांनी विचारलं, “वर्गात शेवटी बोललास काय? ते सांगितलंच नाहीस.”

“असंच,” मी म्हणालो. “पानिपतवर.”

“वे फॉरवर्ड नाही ना लावलास?”

मी नाही म्हणालो. ते मनापासून हसले. शहाणा झालास, म्हणाले.

फलाटावर गाडी लागलेली होती. एका वाक्याचं काम होतं, वर्गात बोललो ते तुमचं होतं एवढंच. मी ज्यांना मूर्ख समजत होतो त्यांच्यासमोर मला मत मांडता आलं होतं, आणि या माणसाला तर मी त्याच्या आयुष्याचा जाब विचारला होता, न अडखळता. तिथं माझी पुन्हा दातखीळ बसली. तळहातांना तोच जुना घाम. शेवटी मी म्हणालो, दादा, पोहोचलात की फोन करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी केला. मी टपरीवर त्या लोकांबरोबर उभा होतो. मी तो वाजू दिला.